पस्तिशीनंतर दहावी आणि मग नोकरी: घर सांभाळून हे कसं जमवायचं

मी नववीतून शाळा सोडली २००२ साली आणि दहावीचा पहिला पेपर लिहिला मार्च २०२३ मध्ये. मधे एकवीस वर्षं, लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण आणि एक बचत गट. त्यानंतर बारावी झाली, टायपिंग झालं, आणि आता मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला बसते. गल्लीतल्या बायका विचारतात, वहिनी तुम्ही हे केलं कसं, परवा तर एक रिक्षावाले दादा पण थांबून विचारून गेले, आणि दरवेळी दारात उभं राहून तेच सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते.

सुरुवातीलाच सांगते, "आता या वयात डोक्यात शिरत नाही" हे मी पण म्हणायचे. पण डोकं ठीक होतं, माझी पद्धत चुकत होती. मी पुस्तक घेऊन नुसती वाचत बसायचे, वाचताना सगळं कळायचं, पुस्तक मिटलं की पाटी कोरी. पोळी कशी करतात हे वाचून कुणाला पोळी आली आहे का? हात पिठात घालावा लागतो. अभ्यासाचं तेच, कॉम्प्युटरचं तेच आणि मुलाखतीचं पण तेच. खाली जे काय लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीवर आहे.

पहिली पायरी: आधी जाहिरात वाचा, पुस्तक नंतर

ही पायरी मी चुकवली, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त लिहिते. माझ्या डोक्यात अंगणवाडी होती. मदतनीस किंवा सेविका व्हायचं, घराजवळ काम. कुणीतरी सांगितलं की आता बारावी पास लागतं, म्हणून मी दहावीपासून सुरुवात केली. पण जाहिरात काही स्वतः वाचली नाही. त्यात वयाची अट ३५ पर्यंत असते (विधवा असेल तर ४०), आणि माझी बारावी होईपर्यंत मी ३७ ची झाले होते. म्हणजे ज्या दारासाठी मी चालत निघाले होते ते मी पोचायच्या आधीच बंद झालेलं. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

तर आधी तुम्हाला हवी असलेली नोकरी, तिच्या दोन-तीन खऱ्या जाहिराती मिळवा आणि त्या शेवटापासून वाचा, म्हणजे वय, शिक्षण, टायपिंग, रहिवासाची अट हे आधी. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना वयाची मर्यादा खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. शिपायाला दहावी चालते, पण लिपिक-टंकलेखकाला पदवी आणि वर टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं, तेव्हा "दहावी झाली की क्लार्क होईन" हे डोक्यातून काढा. हाताचं काम शिकायचं असेल तर आयटीआय बघा, तिथे बहुतेक ट्रेडला वरच्या वयाची अट नाही, चाळिशीतला माणूस पण वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियनला बसू शकतो, हे फार जणांना माहीतच नसतं.

आणि खाजगी नोकरी असेल तर जाहिरातीची वाट बघू नका. त्या जागी जो आत्ता काम करतोय त्याला जाऊन विचारा. मी ज्या काउंटरला आज बसते तशाच एका काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं होतं, ताई दिवसभर तुम्ही नेमकं काय करता? तिने पाच मिनिटांत सांगितलं ते मला कुठल्या क्लासमध्ये कळलं नसतं: पेशंटचं नाव टाकायचं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचता यायला पाहिजे, बिल काढायचं, संध्याकाळी कॅश जुळवायची आणि चिडलेल्या नातेवाइकाशी शांत बोलायचं. झालं, माझा अभ्यासक्रम मला तिथेच मिळाला.

दुसरी पायरी: कुठल्या रस्त्याने जायचं

शाळा मधेच सोडलेल्यांसाठी महाराष्ट्र बोर्डाचा १७ नंबर फॉर्म असतो, खाजगी विद्यार्थी म्हणून थेट दहावी किंवा बारावीला बसता येतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, आणि कागद तिथे नेऊन द्यायचे. फॉर्म साधारण पावसाळ्यात सुटतो आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे "दिवाळीनंतर बघू" म्हणलं की वर्ष गेलं, किंवा लेट फी तरी बसते. सांगली, सातारा, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे बोर्डाच्या कोल्हापूर विभागात येतात, राज्यात असे नऊ विभाग आहेत, तुमचा कुठला ते बघून घ्या.

दहावीला बसून नापास झालेले असाल तर गोष्ट वेगळी. तुम्ही १७ नंबरच्या मागे न लागता आधी जुन्या शाळेत जा, जुना सीट नंबर आणि मार्कशीट घेऊन, आणि पुनर्परीक्षार्थी म्हणून काय करता येतं ते क्लार्कला विचारा.

तिसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. हा मला स्वतःला नंतर कळला, आधी कळला असता तर कदाचित हाच घेतला असता. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि पाच वर्षांत नऊ संधी, म्हणजे एकेक दोन-दोन विषय करून पण सोडवता येतात. दहावी मराठी माध्यमातून पण देता येते. जुन्या बोर्डात एखाद-दोन विषय पास झालेले असतील तर दोन विषयांपर्यंतचे मार्क इकडे धरून घेतात. शिफ्ट ड्यूटी असलेल्या माणसाला किंवा तान्हं मूल असलेल्या बाईला हे बरं पडतं. मुंबईत असाल तर रात्रशाळा अजून आहेत, दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात बसता येतं, आणि माझ्या मते शिक्षक समोर असण्यासारखं दुसरं सुख नाही.

दहावी झाल्या झाल्या लगेच पुढच्या वर्षी बारावी होत नाही, मधे दोन वर्षं जावी लागतात. ती वाया नाही घालवायची, त्यात काय करायचं ते पुढे येतंच. बारावीनंतर पदवी पाहिजे असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून हेच काम करतंय, अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या गावातसुद्धा असतात आणि तास बहुतेक सुट्टीच्या दिवशी.

तिसरी पायरी: कागद, आणि बायकांसाठी नावाची भानगड

शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, पासपोर्ट फोटो. ऐकायला तीन वस्तू, पण माझा यातच दीड महिना गेला. दाखला हरवला असेल तर शाळेत अर्ज करून दुय्यम प्रत काढायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र करायचं. शाळेत जाताना कोणत्या साली कोणत्या वर्गातून शाळा सोडली ते नक्की माहीत असू द्या, नाहीतर जुनी रजिस्टरं काढायला कुणाला उत्साह नसतो.

खरी अडचण नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. परीक्षेचा फॉर्म दाखल्यावरच्या नावाने भरला जातो, म्हणजे मार्कशीट माहेरच्या नावाने येणार आणि नोकरीला गेल्यावर विचारणार की ही बाई कोण? त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा, ते नसेल तर आत्ताच नोंदणी करून घ्या. सरकारी नोकरीचा विचार असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, तो अर्ज ऑनलाइन होतो. जन्मतारीख पण तपासा. आमच्या वेळी शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेली असायची, आणि आधारवर आईने सांगितलेली खरी तारीख. दोन्हीकडे एकच करून घ्या, आणि ते परीक्षेच्या आधी करा.

सगळ्या कागदांचे पीडीएफ करून फोनमध्ये एका फोल्डरला ठेवा. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवून ठेवणं हा उपाय नाही, ऐनवेळी तीनशे गुड मॉर्निंगच्या खाली तो दाखला शोधत बसावं लागतं, माझं झालंय.

चौथी पायरी: वेळ कुठून काढायचा

मोठ्या माणसाला बुद्धी कमी नसते, तास कमी असतात. मी पहिला आठवडा अभ्यास केलाच नाही, फक्त एका वहीत दिवसभर काय केलं ते वेळेसकट लिहिलं. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, दुपारी अडीच ते साडेतीन हा तास माझा होता पण तो मी मोबाईलला देत होते. दोन, रात्री जेवणं आवरल्यावर मी अभ्यासाला बसायचे खरी, पण दहा मिनिटांत डुलकी.

मग मी पहाटे पाच ते सहा आणि दुपारी अर्धा तास असं बसवलं. रोज दीड तास, रविवार सुट्टी, म्हणजे आठवड्याला नऊ तास. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत बत्तीस-तेहेतीस आठवडे धरले तर तीनशे तासांच्या आतच येतं, त्यातले सणवार, पाहुणे, आजारपण यात साठ-सत्तर जाणारच हे आधीच धरा. गणपती, दिवाळी आणि लग्नसराईत अभ्यास होत नाही, होणार नाही, उगाच स्वतःला दोष देत बसू नका, वेळापत्रकातच ते दिवस कोरे सोडा.

घरच्यांना सांगायचं कसं हा वेगळाच विषय. मी सासूबाईंना सांगितलं की पाच ते सहा मी घरात नाही असं समजा. पहिले पंधरा दिवस त्या हाक मारायच्याच. मग मी घरातून उठून वॉर्डातल्या अभ्यासिकेत जायला लागले, तिथे एमपीएससीची पोरं बसतात, त्यांच्यात एक बाई नववीच्या गणितासकट, सुरुवातीला लाज वाटली. पण कुणी बघत नाही हो, प्रत्येकाला स्वतःचं टेन्शन असतं. लाज वाटली की मी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाची आठवण काढायचे, तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठी-सत्तरीच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसतात. आपण तर पोरीच आहोत त्यांच्यापुढे.

आणि बसायच्या आधी डोळे तपासून घ्या. चाळिशीच्या आसपास जवळचं दिसायला त्रास होतो, मला वाटायचं अभ्यासाने डोकं दुखतंय, निघाला चष्मा.

पाचवी पायरी: पुस्तक मिटून अभ्यास

पुस्तकं विकत घ्यायच्या आधी ई-बालभारतीच्या साइटवरून पीडीएफ फुकट उतरवून बघा. गाईड घ्या पण नंतर, आधी पाठ्यपुस्तक.

माझी पद्धत अशी. दोन पानं वाचायची, एकदाच, सावकाश. मग पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, तोडकंमोडकं चालेल. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनाने त्याच कागदावर भरायचं. पहिल्या दिवशी माझा कागद जवळजवळ सगळा लाल होता आणि मला रडू आलं होतं. पण तो लाल रंगच तुमचा अभ्यास आहे, कारण काय येत नाही ते नेमकं कळतं. नुसतं वाचताना सगळंच ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. लग्नात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसं.

दुसरी गोष्ट म्हणजे विसरणं. एबिंगहाउस नावाचा एक जर्मन माणूस होता, त्याने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून लिहून ठेवलंय, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचं. त्यातून दिसलं ते असं की सगळ्यात जास्त विसरणं पहिल्या एक-दोन दिवसांतच होतं, आणि पुन्हा पुन्हा थोडं थोडं उजळलं की टिकतं. तर मी काय करायचे, प्रत्येक धड्याच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात चार तारखा घालायचे, आज, तीन दिवसांनी, आठ दिवसांनी, वीस दिवसांनी. त्या तारखेला तो धडा वाचायचा नाही, कोरा कागद घेऊन आठवायचा. दहा मिनिटं लागतात. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो तसंच आहे हे, रोजचं रोज पाहिलं तर जड जात नाही.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे हात. वीस वर्षांत मी सही आणि किराणा यादी सोडून काही लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा घरी वेळ लावून पेपर लिहिला तेव्हा पाऊण तासात अंगठ्याच्या बुडापासून कोपरापर्यंत हात भरून आला. भाषेचा पेपर ८० मार्कांचा आणि तीन तासांचा असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज वीस मिनिटं पेपरातला अग्रलेख किंवा काहीही बघून उतरवून काढायचं. अक्षर सुधारतं, शुद्धलेखन आपोआप येतं आणि जानेवारीपर्यंत हात तयार होतो. ज्यांनी हे केलं नाही अशा माझ्या सोबतच्या एका ताईंचे शेवटचे दोन प्रश्न येत असून राहिले.

नोव्हेंबरपासून जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत. आठवड्याला एक तरी पूर्ण.

गणित आणि इंग्रजी, कारण सगळे तिथेच अडतात

गणिताचे दोन पेपर, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० मार्कांचे. सुरुवात पहिल्या धड्यापासून करायची गरज नाही. बीजगणितात "अर्थनियोजन" नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटी आणि शेअर्स आहेत, ते आधी घ्या. दुकानात हजाराच्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९० केंद्राचा, ९० राज्याचा, बिल ११८०, हे आपण रोज बघतो, फक्त ते वहीत मांडायचं असतं. मग संभाव्यता, फासे आणि पत्ते, तेही सोपं. सांख्यिकी त्यानंतर. हे तीन झाले की धीर येतो, मग वर्गसमीकरणांकडे वळा. भूमितीत रचना आणि निर्देशक भूमिती हे हमखास मार्क देतात, रचना तर शिवणकाम करणाऱ्या बाईला येणारच, कंपास म्हणजे काय, मापच की.

पण पाढे, अपूर्णांक आणि चिन्हांचे नियम कच्चे असतील तर दहावीचं काही उघडू नका. मी पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं काढली, माझ्या आठवीतल्या पोरीला मास्तरीण केलं. ती ओरडायची पण माझ्यावर, "आई किती वेळा सांगू, वजा वजा अधिक!" महिना दीड महिना त्यात गेला आणि तो सगळ्यात कामाचा गेला.

इंग्रजीला मी घाबरत होते. पण तो पेपर पास व्हायला व्याकरणाचं मोठं पुस्तक लागत नाही, समोर उतारा दिलेला असतो आणि उत्तर बहुतेक उताऱ्यातच असतं. रोज एक उतारा सोडवा, रोज दहा शब्द, आणि ते दहा शब्द तुमच्या कामाचे निवडा. मी औषधांच्या खोक्यावरचे, बिलावरचे, हॉस्पिटलच्या बोर्डावरचे शब्द घ्यायचे: डिस्चार्ज, अॅडव्हान्स, रिसीट, पेंडिंग. परीक्षेला पण उपयोग, नोकरीला पण.

अंतर्गत मार्क, तोंडी परीक्षा आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं यासाठी संपर्क केंद्राची शाळा बोलावते. ते स्वतःहून फोन करतील या भरवशावर राहू नका, डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी चक्कर मारा आणि तारीख विचारा. पास व्हायला ३५ लागतात, आणि राहिला एखादा विषय तर पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते, तेव्हा एका पेपरने जग बुडत नाही.

सहावी पायरी: कॉम्प्युटर, आणि तो अभ्यासाच्या सोबतच

दहावी झाली की मग कॉम्प्युटर शिकू, असं म्हणू नका. मी दहावीच्या निकालाआधीच एमएस-सीआयटी लावलं, परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल लागेपर्यंत माणूस रिकामाच असतो. २००१ पासून हा कोर्स महाराष्ट्रात आहे, सरकारी जाहिरातीत पण मागतात. पण खरं सांगते, सर्टिफिकेट घेऊन सुद्धा एक्सेल न येणारे ढीगभर आहेत, कारण क्लासमध्ये सर माऊस हातात घेतात आणि आपण मान डोलावतो. माऊस सोडू नका, सरांना म्हणा, तुम्ही सांगा, करते मी.

टायपिंगचं सरकारी सर्टिफिकेट महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं, पुण्याचं. मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ३० किंवा ४०. सहा महिने लागतात. पहिल्या दिवसापासून बोटं बघायची नाहीत, वेग कमी राहू दे पण बघायचं नाही, एकदा बघून टाइप करायची सवय लागली की ती सोडवणं महामुश्कील. घरी कॉम्प्युटर नसेल तर साधा कीबोर्ड आणि छोटी ओटीजी पिन आणा, फोनला जोडून सराव होतो, मी सहा महिने तसंच केलं, शेगडी पेटवायच्या आधी पंधरा मिनिटं.

एक्सेल शिकायचं असेल तर क्लासमधला "राम, श्याम, मार्क्स" तक्ता सोडा, स्वतःच्या घराचा जमाखर्च घाला. मी बचत गटाची सचिव होते, बारा जणींची बचत, कुणाचं किती कर्ज, कुणाचा हप्ता थकला, हे सगळं वहीतून गुगल शीटमध्ये उतरवलं. बेरीज चुकली की बायका बैठकीत भांडायच्याच, त्यामुळे सूत्र बरोबर घालायला शिकले. पुढे मुलाखतीत मी फोनवर ती शीटच उघडून दाखवली.

एक नीट ईमेल आयडी काढा, स्वतःच्या नावाचा. मुलाने काढून दिलेला "क्यूट प्रिन्सेस" टाइपचा नको. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, आणि ईमेलला विषयाची ओळ लिहायला, पीडीएफ जोडायला आणि आलेल्या ईमेलला उत्तर द्यायला शिका. बायोडेटा पाठवून इनबॉक्स महिनाभर न उघडणारे मला माहीत आहेत.

सातवी पायरी: बायोडेटात रिकामी वर्षं

एक पान पुरे. लग्नाच्या बायोडेटासारखं वडिलांचा व्यवसाय, उंची, रंग काही नको. नाव, फोन, ईमेल, शिक्षण (सगळ्यात नवीन वर), येणारी कामं, केलेली कामं.

"केलेली कामं" इथे बायका थांबतात, मी तर घरीच होते म्हणतात. जरा आठवा. बचत गटाचा हिशोब सांभाळला असेल तर लिहा: गटाची सचिव, बारा सदस्य, दरमहा बैठक, बचत-कर्जाच्या नोंदी, बँकेचे व्यवहार. शिवणकामाच्या ऑर्डरी घेतल्या असतील तर किती, कुणाच्या, हिशोब कसा ठेवला ते लिहा. दुकानात नवऱ्याला मदत केली, मेस चालवली, रिक्षाचा रोजचा गल्ला सांभाळला, हे सगळं काम आहे. फक्त खोटं लिहू नका आणि आकडा लिहा, "मेहनती व प्रामाणिक" या दोन शब्दांनी कुणाचं काही ठरत नाही, ते सगळेच लिहितात.

जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं, महास्वयंम पोर्टलवर नाव नोंदवा, रोजगार मेळावे होतात ते तिथे कळतं. मला नोकरी मात्र मेळाव्यातून नाही मिळाली, मी हातात बायोडेटा घेऊन नऊ ठिकाणी गेले, सातव्या ठिकाणी म्हणाले दोन दिवस येऊन बघा.

मुलाखत

"एवढी वर्षं काय करत होता?" हे विचारणारच. याचं उत्तर घरी फोनवर रेकॉर्ड करून ऐका. माझं पहिलं रेकॉर्डिंग साडेतीन मिनिटांचं होतं, त्यात सासूबाईंचं ऑपरेशन पण होतं. शेवटी उरलं ते एवढं: "सर, लग्नानंतर घर आणि मुलं होती. मुलं मोठी झाल्यावर मी दहावी आणि बारावी बाहेरून केली, टायपिंग केलं. गटाचा हिशोब आठ वर्षं माझ्याकडे होता. बिलिंगचं काम मी काउंटरवर जाऊन बघून आले आहे, मला ते जमेल." चार-पाच वाक्यं, अर्धं मिनिट. केविलवाणं पण नाही आणि फुशारकी पण नाही.

समोरचा मॅनेजर तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, त्याला अहो-जाहो करा, बाळा-बेटा नको. माहीत नसेल तर "हे मला येत नाही, पण दाखवलंत तर करीन" म्हणा. पगार, सुट्टी, कामाचे तास आणि पीएफ आहे का, हे विचारायला लाजू नका, आपल्यातल्या बायका तिथेच गप्प बसतात आणि मग महिनाभराने घरी येऊन रडतात. आणि जमलं तर समोरच एखादं काम करून दाखवायची तयारी ठेवा. मला एक हाताने लिहिलेली चिठ्ठी देऊन बिल करायला सांगितलं होतं, एक ओळ वाचता आली नाही, मी अंदाजाने टाइप न करता विचारलं. नंतर कळलं की ते तेच बघत होते.

नोकरी लावतो म्हणून रजिस्ट्रेशन, ड्रेस, ट्रेनिंग किट असल्या नावाखाली आधी पैसे मागणारा कुणीही असो, तिथून निघायचं. ओटीपी सांगायचा नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकी ते पैसे थांबण्याची शक्यता.

लागल्यावर पहिला महिना

वही. खिशात मावेल अशी. जे एकदा विचारलं ते तारखेसकट लिहायचं, म्हणजे दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही, कारण दुसऱ्यांदा विचारलं तर शिकवणारा काही बोलत नाही पण तिसऱ्यांदा तोंड वाकडं होतं. रोज संध्याकाळी घरी आल्यावर वही न बघता आज काय काय शिकले ते एका कागदावर काढायचं आणि मग वहीशी जुळवायचं, लाल पेन अजून आहेच. कॅश जुळली नाही तर त्याच दिवशी, त्याच तासाला सांगायचं. मला पहिल्या आठवड्यात १४० रुपये कमी पडले होते, मी स्वतःचे घालून गप्प बसणार होते, शेजारच्या पोरीने सांगितलं, वहिनी असं करू नका, सांगा. सांगितलं. एक पावती दोनदा छापली गेली होती, दहा मिनिटांत सापडली.